फुंकू नका, बोटं फिरवा

माझ्याकडे सव्वीस वह्या आहेत. शाळेच्या प्रत्येक वर्षाची एक. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या, पाठीवर वर्ष लिहिलेल्या. पहिल्या पानावर वाद्यांची यादी, दुसऱ्यावर मुलांची, तिसऱ्यावर कुणाच्या वाद्याला काय झालंय त्याची. पुढे तालमीचं वेळापत्रक आणि शेवटी कार्यक्रमाच्या दिवसाची टिपणं. माझे यजमान म्हणतात, तुझा बँड एखाद्या दिवशी बुडाला तरी वहीतून तो पुन्हा उभा करता येईल.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी वाद्यांच्या खोलीतच होते. "मॅडम, बँडवर लिहा. मुलांच्या गमती, स्पर्धा, बक्षिसं. वाचकांना हलकंफुलकं आवडतं." फोन ठेवला आणि सवयीने यादी करायला घेतली. यादीशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. चौदा प्रसंग निघाले. सगळ्यात शेवटी 'बशीरचाचा' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर लक्षात आलं की लिहायचं ते हेच आहे.

दोन वर्षांपूर्वी नगरला, सावेडीत, आमच्या शाळेच्या मैदानावर आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. ज्यांनी तो ऐकला त्यांना अजून वाटतं की आपण बशीरचाचांची क्लॅरिनेट ऐकली. भेटले की सांगतात, "काय म्हातारा वाजवतो हो!" मी हसते आणि मान हलवते. त्या दिवशी त्यांनी बशीरचाचांना ऐकलेलं नाही. ते कुणामुळे, हे मला माहीत आहे.

मी मूळची पेटीवाली. शाळेत संगीतशिक्षिका म्हणून लागले ती प्रार्थना आणि स्वागतगीतं बसवायला. तिसऱ्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने शाळेला बँडची वाद्यं भेट दिली. सहा क्लॅरिनेट, चार ट्रम्पेट, दोन जाडजूड पितळी युफोनियम, एक ट्रॉम्बोन आणि ढोल. मुख्याध्यापकांनी मला खोलीत नेलं आणि खोक्यांकडे बोट दाखवलं. "मॅडम, तुम्ही संगीत शिकवता ना? हेही संगीतच आहे. पंधरा ऑगस्टला वाजलं पाहिजे."

मी क्लॅरिनेट उलटी धरली होती. ती सुलटी करून देणारे शिपाईमामा होते, त्यांनी लग्नात बँडवाल्यांना पाहिलं होतं. त्यांनीच पत्ता सांगितला. "झेंडीगेटच्या अलीकडं गल्लीत बशीरचाचाचं दुकान हाय. नगरातला एकबी बँड त्याच्याशिवाय उभा राहत न्हाई."

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीवर चेपलेली ट्रम्पेटं टांगलेली, खाली डाग द्यायची भट्टी. चाचा तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर होते. चौदाव्या वर्षापासून लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आलेले, आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची वाद्यं दुरुस्त करणारे. मी माझी अडचण सांगितली. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"पेटी वाजवता?"

"हो."

"बोटं चांगली हायेत. पन बाई, पेटीत हवा भाता भरतो. हितं भाता तुमी."

पहिला पूर्ण आठवडा त्यांनी मला फक्त माउथपीस फुंकायला दिलं. क्लॅरिनेटच्या माउथपीसला बोरूच्या जातीच्या काडीची पातळ पट्टी बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. बँडवाले पत्ती म्हणतात. फुंकर बसली की ती थरथरते आणि सूर निघतो. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ आत घेऊन पत्तीखाली उशीसारखा ठेवायचा. माझ्या फुंकरीने चौथ्या दिवशी जो आवाज आला तो ऐकून आतून चाचींनी विचारलं, "अहो, कुनाचं करडू आलंय?"

"करडू न्हाई. शाळेच्या बाई हायेत."

"मग पानी द्या की तिला."

चार महिन्यांत मी ओळीला ओळ जोडायला शिकले. मी शिकायची आणि तेच दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवायची. मुलांना कळू नये म्हणून एक धडा पुढे राहायची. शनिवारी चाचा स्वतः सायकलवरून यायचे. पहिल्या सव्वीस जानेवारीला सकाळी सात वाजता सगळी वाद्यं बेसूर लागली. नगरची थंडी. फुंकवाद्य गार पडलं की सूर खाली उतरतो, हे कुठल्याच पुस्तकाने मला सांगितलं नव्हतं. मी वही उघडून घामाघूम. चाचा मुलांच्या रांगेसमोरून फिरले आणि म्हणाले, "माउथपीस काढा आनि काखेत धरा." झेंड्यासमोर तेरा मुलं काखेत हात घालून उभी. पाहुण्यांना वाटलं, ही कवायतीची नवी पद्धत असेल. दहा मिनिटांनी सूर जुळले.

त्या दिवशी परत जाताना चाचा म्हणाले, "चला, येतो मास्तर."

बँडमध्ये म्होरक्याला मास्तर म्हणतात. तोवर मी त्यांच्यासाठी 'बाई' होते. पुढची वीसेक वर्षं मी मास्तर होते. त्यांनीच मला बँडचा पहिला कायदा शिकवला होता. तालमीत मास्तरशी भांडायचं, हवं तेवढं भांडायचं. पण लोकांसमोर मास्तरचा हात वर गेला की आपली अक्कल खिशात. हात चुकला तरी सगळ्यांनी मिळून चुकायचं. तो कायदा त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मी त्याचा काय उपयोग केला ते पुढे सांगते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, म्होरक्या म्हणजे हात हलवणारा. खरं काम आधीच्या दोन महिन्यांत, कागदावर होतं. फुंकवाद्याचा सूर माणसाच्या छातीएवढाच लांब. वीस जणांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला तर मध्येच भोक पडतं. म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे श्वास वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचे. एक श्वास घेत असताना दुसऱ्याने सूर धरायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, हे लोक श्वास घेतच नाहीत. मी प्रत्येक धुनेची श्वासांची यादी करायची. कुणी कितव्या मात्रेवर श्वास घ्यायचा ते नावापुढे आकड्यात. माझ्या याद्या जिल्ह्यातले इतर शिक्षक मागून न्यायचे आणि मला त्याचा गर्व होता. राहुरीच्या एका शाळेत मी त्यावर भाषणही दिलं आहे.

पालकांचे नमुने वेगळेच. एका वडिलांची तक्रार होती की त्यांच्या मुलाला क्लॅरिनेट आणि शेजाऱ्याच्या मुलाला युफोनियम का. "शाळा एकच, वर्ग एकच, मग आमच्या पोराला बारकं वाद्य कशापायी?" मी ट्रॉम्बोन काढून त्यांच्या हातात दिला. नळी सरकवताना ती शिपाईमामांच्या पोटाला लागली. "असू द्या," वडील म्हणाले, "बारकंच बरं." एका आईला काळजी की ट्रम्पेटने मुलीचे गाल सुटतील. चाचांनी तिला स्वतःचे गाल दाखवले. "ताई, पस्तीस वर्षं फुंकतो. गाल कुठं हायेत?" चाचांचे गाल खरंच बसलेले होते. ती हसली आणि मुलगी पाच वर्षं राहिली.

इथवर लिहिलं ते संपादकांना आवडेल. आता लाल ठिपक्यांकडे येते.

विभागीय स्पर्धेला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन मुलं चिरकली आणि नंबर हुकला. दुसऱ्या वर्षी मी उपाय काढला. पथकात किमान किती मुलं हवीत याचा नियम असतो, पण सगळी वाजवतात की नाही हे परीक्षकाला तीस फुटांवरून कळत नाही. जी मुलं कच्ची होती त्यांना सांगितलं, "स्पर्धेत फुंकू नका, नुसती बोटं फिरवा." वहीत त्यांच्या नावापुढे लाल ठिपका. श्वासांच्या यादीत त्यांच्यापुढे आकडा नाही. ज्याने फुंकायचं नाही, त्याच्या श्वासाची जागा कशाला ठरवायची?

त्या वर्षी दुसरा नंबर आला. पुढच्या वर्षी पहिला. मग दरवर्षी चार-पाच ठिपके ठरलेले. मुलं त्यांना 'मुके' म्हणायची. एकदा चाचांनी वही चाळताना विचारलं, "मास्तर, हे लाल काय?"

"गैरहजर राहणारी," मी म्हणाले.

वैशाली नावाची एक मुलगी होती, खर्ड्याची, इथे मामाकडे राहून शिकायची. युफोनियमला. तीन स्पर्धा तिने नुसते खटके दाबले. दहावीच्या निरोपसमारंभाच्या दिवशी ती वाद्यांच्या खोलीपाशी आली. "मॅडम, आज एकदा खरं वाजवू का? कुनी न्हाई आता." मला हारांचं बघायचं होतं. "खोली बंद केलीय बाळा, नंतर ये," मी म्हणाले. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ती नंतर आली नाही.

दहा वर्षांपूर्वी मी मोठ्यांचा वाद्यवृंद काढला. शाळेतून बाहेर पडलेली मुलं आणि लग्नाच्या बँडमधले जाणते वादक, मिळून चोवीस जण. दर रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात तालीम. मी त्याला 'सुषिर वाद्यवृंद' नाव दिलं; फुंकवाद्यांना संस्कृतात सुषिर म्हणतात. चाचा म्हणाले, "नाव लई भारी हाय. बोलावताना आमी बँडच म्हनू." पहिल्या खुर्चीवर चाचा. त्यांच्या मागच्या रांगेत सोनल, माझी विद्यार्थिनी, आता एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिला क्लॅरिनेट मी हातात दिली, पण घडवली चाचांनी. दुर्गा रागावर मी एक धून बसवली होती. तिची सुरुवात एकट्या क्लॅरिनेटने, दोन संथ ओळी, मागे कुणी नाही. त्या दोन ओळी चाचांच्या. त्यांचा सूर जाड होता, मधासारखा हळू उतरणारा. त्या ओळींना मी हातसुद्धा वर करायची नाही.

मग चाचांचे वरचे दात गेले. दोन आधीच गेले होते, उरलेले दवाखान्यात काढावे लागले आणि कवळी आली. चाची म्हणायच्या, "दात गेले, बोलनं तेवढं गेलं न्हाई." पण क्लॅरिनेटचं माउथपीस वरच्या दातांवर टेकतं. कवळी सरकली की पकड सुटते, आणि पकड सुटली की सूर चिरकतो. पहिल्या रविवारी चाचा तीनदा चिरकले, दुसऱ्या रविवारी पाचदा. मी वहीत मोजलं होतं. मागे बसलेल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या रविवारी ते फार हळू फुंकत होते, ऐकूच येत नव्हतं.

कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला होता. शाळेचा वर्धापनदिन, आणि जिल्ह्यातल्या बँडमास्तरांना खास बोलावलेलं. श्रीरामपूर, राहुरी, जामखेड, सगळीकडून येणार होते. मी नेहमीप्रमाणे कार्यक्रमाची यादी केली. चौदा बाबी. चौथी होती, 'दुर्गा: सुरुवात सोनल.' नववी, 'माइक मागच्या रांगेत, सोनलपाशी.'

त्या यादीत 'चाचांशी बोलणे' अशी बाब नव्हती. ज्या बाईला भाजीच्या यादीतही कोथिंबीर लिहावी लागते तिला हे सुचलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी तालीम संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. ते काहीतरी दाखवायला क्लॅरिनेटची पेटी उघडत होते. मी घाईत होते.

"चाचा, एक बोलायचं होतं."

"बोला मास्तर. मलाबी दाखवायचंय एक."

"माझं आधी ऐका. तुम्ही कार्यक्रमात पुढेच बसायचं, पहिल्या खुर्चीवर. सगळे तुम्हाला बघायलाच येणार आहेत. पण सुरुवात सोनल करेल, मागून. तुम्ही फुंकू नका. नुसती बोटं फिरवा."

त्यांनी पेटी अर्धी उघडली होती.

"नुसत्या सुरुवातीला?"

"सगळ्यालाच. उगाच धोका नको."

"बरं," ते म्हणाले. पेटीचं झाकण लावलं. "मास्तरचा हात म्हंजे हुकूम."

"तुम्ही काय दाखवणार होतात?"

"राहू द्या. नंतर."

मी चौथ्या बाबीपुढे बरोबरची खूण केली.

कार्यक्रम संध्याकाळी पाच वाजता सुरू झाला. मैदान भरलेलं. दुसऱ्या रांगेत बँडमास्तर, कडक इस्त्रीत. म्होरक्याची पाठ लोकांकडे असते, पण पथकाचे चेहरे जवळून एकट्या त्यालाच दिसतात. दुर्गा सुरू झाली. लोकांना दिसत होतं की पहिल्या खुर्चीवरचा म्हातारा डोळे मिटून वाजवतो आहे. मला दिसत होतं ते वेगळं. चाचांनी ओळीच्या आधी श्वास घेतला, बरोबर जागेवर, खांदे किंचित उचलून. ओळ संपेपर्यंत तो छातीत धरला आणि मग नाकातून हळू सोडला. पुढच्या ओळीला पुन्हा. पूर्ण पाऊण तास त्यांनी एकही श्वास चुकवला नाही. आणि डोळे मिटलेलेही नव्हते. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

शेवटी टाळ्या. मुख्य पाहुणे निवृत्त अधिकारी, चांगले कानसेन म्हणून प्रसिद्ध. ते मंचावर आले आणि थेट चाचांपाशी गेले. शाल घातली. माइक हातात घेऊन म्हणाले, "या वयात असा सूर! सुरुवातीच्या त्या दोन ओळींसाठी मी आज आलो असं समजतो. चाचा, एक विनंती. त्या दोन ओळी पुन्हा एकदा. तुम्ही एकटे."

चाचा उठले. खांद्यावर शाल, हातात क्लॅरिनेट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काहीही बोलू शकले असते. 'चाचा दमले आहेत.' 'वेळ कमी आहे.' खरं तर खरंच सांगता आलं असतं, की साहेब, त्या ओळी सोनलने वाजवल्या, आणि ही सोनल या चाचांनी घडवलेली आहे. दोघांचाही मान झाला असता. मी खाली वहीत पाहिलं. तेरावी बाब चालू होती, सत्कार.

चाचांनी क्लॅरिनेट ओठांजवळ नेली. मग अंगठा पत्तीवर ठेवला आणि दाबला. कट् असा बारीक आवाज माइकमधून मैदानभर गेला.

"माफी असावी साहेब," ते म्हणाले. "पत्ती गेली."

"अरेरे!" लोक म्हणाले. पाहुणे हसले. "बघा, एवढं वाजवल्यावर पत्तीसुद्धा थकते!" पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या.

मला सगळ्यात आधी काय वाटलं ते लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. मी चौदाव्या बाबीवर गेले, आभार.

पुढच्या रविवारी चाचा तालमीला आले नाहीत. मी वहीत 'गैरहजर' लिहिलं. त्यानंतरचे चार रविवारही तेच. सोनल म्हणाली, "मॅडम, तुम्ही जाऊन या ना." मी म्हणाले, परीक्षा आहेत. मग एक ट्रॉम्बोन दुरुस्तीला निघाला, तेव्हाही मी स्वतः गेले नाही, शिपाईमामांना पाठवलं. तीन दिवसांनी ट्रॉम्बोन परत आला. नळी लोण्यासारखी सरकत होती. ओरखडा पडू नये म्हणून तो कशात तरी गुंडाळलेला होता. उलगडून पाहिलं तर सत्काराची शाल.

"काही म्हणाले का चाचा?" मी विचारलं.

"न्हाई," शिपाईमामा म्हणाले. "शाल जपून न्या म्हनले, तिला डाग नको."

त्या दुपारी मी शाल घेऊन झेंडीगेटला गेले. चाचा खाली बसून एका ट्रम्पेटचा पोचा काढत होते.

"या मॅडम," ते म्हणाले.

मी उंबऱ्यात उभी होते. वीस वर्षांनी मी 'मॅडम' झाले होते. ते चिडून म्हणाले नव्हते. जे आहे ते म्हणाले होते.

"चाचा, ही शाल तुमची आहे."

"माझी कशी? वाजवलं त्या पोरीनं. तिला द्या."

चाची चहा घेऊन आल्या, माझ्याकडे न बघता कप ठेवून गेल्या. एरवी त्या करडाची चौकशी केल्याशिवाय कप ठेवायच्या नाहीत. मी बोलायला सुरुवात केली, की तुमचा अपमान नको म्हणून, लोक हसले असते म्हणून. चाचांनी हातातलं काम ठेवलं, पेटी ओढली आणि माउथपीस काढून माझ्या हातात दिलं. जिथे वरचे दात टेकतात तिथे काळ्या रबराचा तुकडा चिकटवलेला होता.

"सायकलच्या ट्यूबचा हाय. आधी कापड लावून बघितलं, ते भिजायचं. मग चामडं, ते सटकायचं. ट्यूबला कवळी धरून बसते. तीन आठवडे लागले. तिसऱ्या रविवारी मी हळू फुंकत हुतो ना? हेच बसवून बघत हुतो."

"हे तुम्ही मला व्हरांड्यात दाखवणार होतात?"

"व्हय."

"मग दाखवलं का नाही? मला सांगायचं ना, की वाजतंय."

"तुमी विचारलं कुठं? तुमी हुकूम दिला. आनि हुकूम देताना पाय दाराकडं हुते तुमचे."

मी विचारलं, मग त्या दिवशी पाहुण्यांनी दोन ओळी मागितल्या तेव्हा का वाजवल्या नाहीत. त्यांनी मला मुलाला समजवावं तसं समजावलं.

"माझी फुंक जाड, पोरीची पातळ. लोकांना न्हाई कळत. पन दुसऱ्या रांगेत कोन बसलं हुतं? मी एक सूर लावला असता की त्यांना कळलं असतं, मगाचं ह्यानं वाजवलेलं न्हाई. मग बोट कुनाकडं? त्या पोरीकडं आनि तुमच्याकडं. लोकांसमोर मास्तरला उघडं पाडायचं न्हाई. म्हनून पत्ती मोडली." मग जरा हसले. "चांगली हुती पन ती पत्ती. दोन महिने घासलेली."

माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे ठिपका दिला होता का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. लाल ठिपके गैरहजर मुलांचे नसतात हे त्यांना कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी माउथपीस जोडलं, नवी पत्ती बांधली आणि दुर्गाच्या त्या दोन ओळी वाजवल्या. भट्टी धुमसत होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते. सूर तोच, जाड, हळू उतरणारा. दुसऱ्या ओळीच्या शेवटी जरासा कापला आणि सावरला. माझा हात आपोआप वर जायला लागला, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"रविवारी या चाचा," मी म्हणाले. "मी सगळ्यांसमोर माफी मागते."

"माफीचं न्हाई मॅडम. ओठ तयार हाय. पन त्या खुर्चीवर बसलो की आता नुसती बोटंच फिरतील."

ते आले नाहीत. अजून येत नाहीत. वाद्यं दुरुस्त करून देतात, सोनल अडली की तिला घरी शिकवतात. पहिली खुर्ची मी मांडते आणि रिकामी ठेवते. सोनलने शाल घेतली नाही, म्हणाली, चाचांची आहे. ती वाद्यांच्या खोलीत कपाटात आहे. सामानाच्या यादीत तिच्यापुढे मालकाचं नाव लिहायची जागा कोरी आहे.

शाळेच्या पथकातले ठिपके मी बंद केले. श्वासांच्या यादीत आता प्रत्येक नावापुढे आकडा असतो. पहिल्या वर्षी स्पर्धेत आम्ही असे चिरकलो की परीक्षकांनी पाणी मागवलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, यंदा काय झालं?" मी म्हणाले, "यंदा सगळे वाजवत होते, सर." वैशालीचा नंबर मी मिळवला आहे. अजून लावलेला नाही. रोजच्या यादीत तो सगळ्यात वर असतो आणि संध्याकाळी उद्याच्या यादीत जातो.

हा लेख छापायला देण्याआधी मी झेंडीगेटला गेले आणि चाचांना सगळा वाचून दाखवला. यावेळी विचारायला गेले होते. चाची दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दातांचं कशाला लिहिलं?"

"राहू दे," चाचा म्हणाले. "खरं हाय ते."

"छापू का मग?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "छापा. पन एक राहिलंय."

"काय?"

"वाजत हुतं, असं लिहा."

लिहिते. बशीरचाचांचं वाजत होतं. त्या रविवारी व्हरांड्यात पेटी उघडली तेव्हाही वाजत होतं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर वाजलं असतं. मी ऐकायला थांबले नाही.